देवमासा पाहून झाल्यावर

रविवारी दुपारी बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पायऱ्या जी माणसं चढतात, त्यांतली बरीचशी कला पाहायला आलेली नसतात. बाग फिरून झालेली असते, मुलांनी प्राणी पाहिलेले असतात, ऊन डोक्यावर आलेलं असतं. कुणीतरी म्हणतं, "आत ममी आहे, देवमासा आहे, चला." मग आजी, दोन सुना, कडेवरचं मूल, हातात वेफर्सचं पाकीट घेतलेला मुलगा असं सगळं खटलं आत शिरतं. देवमाशाच्या सांगाड्यापुढे ते थबकतं. मुलगा विचारतो, "आटलो मोटो?" बाप दोन्ही हात फाकवतो, ते पुरत नाहीत म्हणून सांगाड्याच्या कडेने चालत जाऊन पावलं मोजतो. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा निळा देवमासा, लांबी ७० फुटांच्या वर. पावलं मोजताना बाप आणि मुलगा दोघंही सारखेच लहान झालेले मी पाहिले आहेत.

त्यानंतर मात्र या कुटुंबाची चाल बदलते. मूर्ती, लघुचित्रं, युरोपातली तैलचित्रं अशी दालनांमागून दालनं ते पार करतं, पण रेल्वेच्या डब्यातून बाहेरची गावं पाहावीत तसं. शेवटी बाहेरचं झाड आणि पाणीपुरीची गाडी दिसते तेव्हा सगळ्यांना हायसं वाटतं.

आमच्याकडची जाणकार मंडळी याचा अर्थ एकच लावतात: लोकांना कलेची आवड नाही. मला हे अजिबात मान्य नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, दरवर्षी मुलांना घेऊन म्युझियममध्ये जाते, आणि मुलांपेक्षा आजूबाजूची माणसं जास्त पाहते. ज्याला आवड नाही तो पावलं मोजत नाही. देवमाशापुढे जो माणूस थांबतो त्याच्याकडे कुतूहल आहे, वेळ आहे, शेजारच्याला सांगायची हौसही आहे. पुढच्या दालनात हे सगळं अचानक कुठे जातं, हा प्रश्न आपण त्या माणसाला विचारत आलो. तो म्युझियमला विचारायला हवा, आणि इथे मी फक्त बडोद्याबद्दल बोलत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, कोल्हापूर, नागपूर, जिथे जिथे मध्यम आकाराच्या शहरात एक जुनं, श्रीमंत म्युझियम उभं आहे, तिथे तिथे हा प्रश्न आहे.

माझी आत्या ऐंशी पार केलेली आहे. लग्न होऊन सांगलीकडून दांडिया बाजारात आली, साठ वर्षं इथे काढली, गुजराती बाजारापुरती आणि मराठी घरात. तिला मी एकदा राजमहालाच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये घेऊन गेले. ही इमारत एके काळी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. आता तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. आत्याने आयुष्यात कुठलंही चित्रांचं प्रदर्शन पाहिलेलं नव्हतं. 'सीता भूमिप्रवेश'पुढे ती उभी राहिली. भूमातेने सीतेला कवेत घेतलेलं, राम पुढे झेपावलेला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई आलीय गं न्यायला. आता हा काय करणार?"

एवढंच. पण चित्रकलेच्या वर्गात मी जे एक तास फळ्यावर रेघा ओढून सांगते, की इथे दोन ओढी आहेत, एक खाली जाणारी आणि एक आडवी, आणि आडवी ओढ उशिरा पोहोचली आहे, ते आत्याने एका वाक्यात सांगितलं. तिला रविवर्म्याचं जन्मसाल माहीत नव्हतं. हे चित्र १८८० चं, ते दिवाण सर टी. माधवरावांमुळे बडोद्यात आलं, माधवराव तंजावरच्या मराठी घरातले, तेव्हा बडोद्याचा कारभार पाहत होते, आणि त्याआधी त्रावणकोरचे दिवाण असल्याने या चित्रकाराला ओळखत होते, हे सगळं मी तिला नंतर रिक्षात सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्याच माणसानं आणलं." पाहून आधीच झालं होतं. माहितीने त्यात भर पडली.

आत्या पाहू शकली, कारण चित्राचा अर्धा भाग ती घरून घेऊन आली होती. रामायण तिच्याकडे होतं. माहेर म्हणजे काय, हेही होतं. भिंतीवर उरलेला अर्धा भाग होता, दोन्ही जुळले. रविवर्म्याला १८८८ मध्ये सयाजीराव महाराजांनी चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. ती पुरी झाल्यावर राजवाड्यात जाण्याआधी लोकांसाठी मांडली गेली, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. त्या गर्दीला कुणी कलेतिहास शिकवला नव्हता. नल-दमयंती, शंतनु-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका ही मंडळी सगळ्यांच्या ओळखीची होती.

आता हीच आत्या एखाद्या युरोपीय तैलचित्रापुढे उभी करा. चित्रात एक तरुण बाई आहे, शेजारी मोडलेलं चाक आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला चाक दिसताच कळतं की ही संत कॅथरीन, हिला चाकावर छळून मारायचं ठरवलं होतं आणि ते चाकच मोडून पडलं. आत्याला ते कसं कळावं? तिला एक गोरी बाई आणि एक चाक दिसतं. ती दोन सेकंद पाहते आणि पुढे जाते, आणि आपण म्हणतो, आवड नाही. मोगल लघुचित्राचं तेच, जपानी हस्तिदंती बाहुल्यांचं तेच, तिबेटी पटाचं तेच. इथे घरून आणलेला अर्धा भाग कुणाकडेच नाही, माझ्याकडेही कॉलेजात जाईपर्यंत नव्हता. तो म्युझियमने द्यायचा असतो. वस्तू जपणं हे म्युझियमचं पहिलं काम खरंच, पण जपलेली वस्तू आणि समोरचा माणूस यांच्यात जे रिकामं अंतर आहे ते भरणं हे काम त्याच तोलाचं आहे, आणि आपल्याकडे ते कुणाचंच काम नाही.

बडोद्याचं उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण इथे हे घडण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट आहे. १८९४ सालापासूनचं म्युझियम, मेजर मँट आणि चिझम यांच्या हातची इमारत. शेजारी चित्रदालन, जे १९१४ ला बांधून झालं पण महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला, म्हणून १९२१ मध्ये उघडलं. नंतर हर्मन गेट्झसारखा जर्मन कलेतिहासकार इथे येऊन काम करतो. विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं, देशात हा विषय सुरू करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी हे. ललितकलेचं महाविद्यालय, जिथे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवायला आले आणि एक पिढी घडवून गेले, ते बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा, महाभारतातलं युद्ध. तांबेकर वाड्यात पेशवाई वळणाची भित्तिचित्रं. एवढं सगळं एका रिक्षाच्या फेरीत बसतं. या गावात माणसं म्युझियममधून रिकाम्या डोळ्यांनी बाहेर पडत असतील, तर दुसरीकडे कुठे काय अपेक्षा ठेवायची?

आणि ज्या राजाने या सगळ्याचा पाया घातला त्याची पद्धत आपल्यासमोर आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलं वाचायला शिकली, पण खेड्यात पुस्तकं कुठे होती? त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बोलावलं, बडोद्यातल्या मांडवीत मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि तिथून लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवायला सुरुवात केली. पेटी जायची, वाचून झाली की परत यायची, दुसरी जायची. खेड्यातल्या लोकांना वाचनाची आवड नाही असा निष्कर्ष काढून ग्रंथालयाला कुलूप लावणं फार सोपं होतं. त्या माणसाने पेटी पाठवली. म्युझियमच्या बाबतीत आपण ती पेटी अजून बांधलेलीच नाही.

ती पेटी म्हणजे काय, हे मी एकाच वस्तूवरून सांगते.

अकोट्याचे ब्राँझ आपल्या म्युझियमचा सर्वांत मोठा ठेवा आहेत. अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. दांडिया बाजारातून पूल ओलांडून रोज हजारो स्कूटर ज्या अकोट्यात जातात, तेच. १९५१ मध्ये तिथे जमिनीखाली जैन मूर्तींचा साठा सापडला, अडुसष्ट मूर्ती, त्यातल्या काही पाचव्या-सहाव्या शतकातल्या. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानी शिल्पकलेच्या इतिहासात अकोट्याचं नाव कायमचं लागलं. त्यांत जीवंतस्वामी आहे. कुठल्याही म्युझियममध्ये अशा मूर्तीपुढे साधारणपणे जी पाटी असते ती अशी: 'जीवंतस्वामी, ब्राँझ, सहावं शतक, अकोटा.' चारही गोष्टी खऱ्या. पण त्यातल्या एकाही शब्दाने माझी मान मूर्तीकडे वळत नाही. ही पाटी नोंदवहीसाठी लिहिलेली आहे. नोंदवहीला वस्तू ओळखता यावी म्हणून ती आहे, पाहणाऱ्यासाठी ती नाहीच.

मी लिहिली तर अशी लिहीन:

'हा महावीर आहे, पण अजून राजकुमार. डोक्यावर मुकुट आहे, गळ्यात दागिने आहेत, आणि शरीर मात्र ध्यानात उभं आहे. राजवाडा सोडायला अजून अवकाश आहे. मनाने तो सोडून झाला आहे. आधी मुकुट पाहा. मग चेहरा पाहा. दोन्ही एकाच माणसाचे आहेत का, ते ठरवा. ही मूर्ती पुलापलीकडच्या अकोट्यात सापडली.'

पन्नास शब्दही नाहीत. यात पाहणाऱ्याला एक काम दिलेलं आहे, म्हणून तो थांबेल. 'तीर्थंकराचे दागिने मूर्तीतच घडवलेले कसे?' हा प्रश्न तर इथल्या जैन घरातल्या मुलाला पडेल, कारण देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, मूर्तीवर दागिने वरून चढवलेले त्याने पाहिलेले आहेत. आणि शेवटच्या वाक्याने आपलं रोजचं अकोटा त्याच्या डोक्यात कायमचं बदलेल. हे वाक्य गुजरातीत हवं, हिंदीत हवं, इंग्रजीत हवं. मराठीत असेल तर आमच्या आत्यासारख्यांना फार बरं वाटेल, पण मी तो आग्रह धरणार नाही. गुजराती नीट, मोठ्या अक्षरात, कमरेच्या उंचीवर न लावता डोळ्यांच्या उंचीवर असेल तर बडोद्यातला मराठी माणूस ती वाचतो. अक्षर मोठं हवं, हे मात्र मी हट्टाने म्हणेन. चाळिशी उलटलेल्या माणसाला चष्मा लावून काचेवर नाक टेकवावं लागत असेल तर पाटी असून नसल्यासारखी.

हे काम कुणी करायचं? इथेच संग्रहालयशास्त्र शिकणारी मुलं आहेत, ललितकलेची मुलं आहेत. वर्षाला प्रत्येकाने पाच वस्तूंवर पाच पाट्या लिहाव्यात, त्या रविवारच्या गर्दीपुढे टेकवून पाहाव्यात, कोण किती वेळ थांबतं ते बघावं, पुन्हा लिहाव्यात. परीक्षेचे गुण त्यालाच द्यावेत. मला यापेक्षा चांगला अभ्यासक्रम सुचत नाही.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला प्रकाशाचा. लघुचित्रं, कापड, कागद यांना उजेड खातो. रंग एकदा उडाले की परत येत नाहीत. म्हणून अशा दालनात ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. आपल्या घरातल्या बैठकीपेक्षाही मंद. सामान्य माणूस आत शिरतो, त्याला वाटतं बल्ब गेलाय, व्यवस्था ढिसाळ आहे. तो चिडतो, काचेत स्वतःचंच तोंड बघतो आणि निघतो. संवर्धन करणाऱ्यांचं बरोबर आहे. चित्र माझ्या नातवंडांनीही पाहिलं पाहिजे. पण मग दारातच चार ओळी लिहा ना: 'इथे मुद्दाम अंधार ठेवला आहे. ही चित्रं तीन-चारशे वर्षांची आहेत आणि उजेडाने त्यांचे रंग उडतात. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतील, मग दिसेल.' हे वाचलेला माणूस आवाज खाली आणतो, मुलाचा हात धरतो, वाट पाहतो. काही मौल्यवान आहे आणि आपल्यावर विश्वास ठेवून ते दाखवलं जातंय, हे त्याला कळतं. माझ्या वर्गातल्या मुलांवर मी हे करून पाहिलं आहे. अंधाराचं कारण सांगितलं की सातवीची पोरंसुद्धा कुजबुजत बोलतात.

दुसरा आक्षेप गर्दीचा. लोक हात लावतात, काचेवर थापा मारतात, कोपऱ्यात पिचकारी टाकतात. हेही खरं. त्यामुळे सगळा भर पहारेकऱ्यावर येतो, आणि त्याच्या तोंडी दोनच वाक्यं उरतात, "अडशो नहीं" आणि "आगळ चालो". हात लावू नका, पुढे चला.

एका दुसऱ्या शहरातल्या म्युझियममध्ये काही वर्षांपूर्वी आम्ही वर्ग घेऊन गेलो होतो. एक मुलगी, घरी आई पोळ्या लाटायची कामं करते, वर्गात कधी बोलत नाही, ती एका दगडी हत्तीपुढे जमिनीवर मांडी घालून बसली आणि वहीत त्याचा पाय काढायला लागली. पायाच्या नखांपर्यंत आली होती. पहारेकरी आला, "ऊठ, इथे बसायचं नाही." ती उठली. मी मध्ये पडले, बोलले, पण तोवर तिने वही बंद केली होती. पुढची सगळी दालनं ती भिंतीला खेटून चालली. मला त्या पहारेकऱ्याचा राग आला होता, आजही आठवलं की येतो. पण नंतर विचार करताना कळलं की त्याच्या नोकरीची मांडणीच तशी आहे. प्रत्येक वस्तूला नोंदवहीत क्रमांक असतो. वस्तू हलली, खरचटली, हरवली तर चौकशी होते, आणि त्यात पहिला तो अडकतो. एक मुलगी अर्धा हत्ती काढून परत गेली, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. जी गोष्ट मोजली जाते तिची काळजी घेतली जाते. पाहणाऱ्याचं म्हणाल तर फक्त तिकिटं मोजली जातात.

याच्या उलटही मी पाहिलं आहे, आणि इथेच. एक वयस्कर शिपाई होता, निवृत्तीला आलेला. दालनात मुलं दिसली की हळूच म्हणायचा, "पाछळथी जुओ." मागून बघा. मुलं मूर्तीच्या मागे जायची आणि पाठीवर रुळणाऱ्या केसांची बट, कमरपट्ट्याची गाठ, ओतकामाच्या खुणा त्यांना दिसायच्या. मूर्ती समोरून देव असते, मागून ती कुणीतरी बनवलेली वस्तू असते, हा केवढा मोठा धडा तो दोन शब्दांत द्यायचा. त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं; तीस वर्षं त्याच दालनात उभं राहून त्याला ते दिसलं होतं. आणि एक लक्षात आलं: त्याच्या दालनात कुणी हात लावत नसे. ज्याला काय पाहायचं ते सांगितलं आहे, त्याचे हात आपोआप मागे जातात. लोक हात का लावतात? दुसरं काय करायचं ते कळत नाही म्हणून.

म्हणून माझं म्हणणं, पहिला खर्च पहारेकऱ्यावर करा. महिन्यातून एक सकाळ त्यांना त्यांच्याच दालनातल्या वस्तू जाणकारांनी समजावून सांगाव्यात, आणि त्यांनी जे पाहून ठेवलंय ते जाणकारांनी ऐकावं. खांद्यावर एक बिल्ला असू द्या, 'मला विचारा' एवढंच लिहिलेला. दुसरा खर्च बाकावर. बसायला जागा नाही तिथे माणूस चालतच राहतो, मग समोर काहीही असो; गुडघेदुखीच्या माणसाचा कलेशी संबंध बाकावरून सुरू होतो. तिसरा खर्च पाट्यांवर. या तिन्हींचा मिळून जेवढा पैसा होईल तो एका मोठ्या पडद्याच्या, लेझरच्या, भिंतीवर चित्रं नाचवणाऱ्या प्रकल्पापेक्षा कमीच असेल.

पडद्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण सध्या म्युझियम सुधारायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. पाटीवर चौकोनी कोड लावा, मोबाइल धरा, माहिती ऐका. वाईट नाही. पण ज्या माणसाला थांबवायचं आहे त्याच्या हातात मोबाइल आधीच आहे आणि त्यात म्युझियमपेक्षा चटपटीत गोष्टी आहेत. आपण त्याला तिथून बाहेर काढून एका वस्तूपुढे उभं करायला बघतो आहोत. आणि आत्याला तो कोड धरताच येत नाही. पडदा दोन-तीन वर्षांत बिघडतो, दुरुस्तीचा माणूस मिळत नाही, मग त्यावर कापड टाकून ठेवतात. पाटी बिघडत नाही. तिच्यावरचं वाक्य चुकलं तर पन्नास रुपयांत दुसरी छापता येते.

शाळांसाठी मात्र खरोखरची पेटी हवी, सयाजीरावांच्या पेटीसारखी, लाकडी, कडीकोयंड्याची. आत मूर्तींच्या दोन-चार प्रतिकृती, ज्यांना हात लावायची परवानगी आहे. लघुचित्रांच्या खऱ्या आकाराच्या चांगल्या छापील प्रती, एक भिंग, ओतकामात मेण कसं वितळून जागा सोडतं हे दाखवणारा साचा. पेटी आठवडाभर शाळेत राहावी. मग मुलांनी म्युझियममध्ये यावं. तेव्हा ती 'सहलीला' येणार नाहीत, ओळखीच्या माणसाला भेटायला येतील. पादरा, डभोई, सावली या आसपासच्या गावांतल्या शाळांना बडोद्यापर्यंत बस करून येणं दरवर्षी जमत नाही. पेटी जाऊ शकते.

आणि दाराशी ठेवलेली अभिप्रायवही कुणीतरी वाचायला हवी. मी जाईन तिथे ती उघडून वाचते. 'सरस', 'बहु सरस', 'खूप छान', 'देवमासो जोयो मजा आवी'. कौतुकाच्या या ओळींच्या मधूनमधून प्रश्न असतात. एका पानावर लहान मुलाच्या अक्षरात होतं, 'ममी मरी गया पछी एने खबर छे के ए वडोदरामां छे?' मेल्यानंतर तिला ठाऊक आहे का की ती वडोदऱ्यात आहे? या मुलाला कुणी उत्तर दिलं असेल? त्याचा पत्ता खाली होता. ज्याने हा प्रश्न लिहिला तो देवमाशानंतरची सगळी दालनं पाहायला तयार असलेला माणूस आहे.

गेल्या थंडीत मी आत्याला अकोट्याच्या ब्राँझपुढे घेऊन गेले. माझी पाटी मी एका कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवली होती, ती हळू आवाजात वाचून दाखवली. राजकुमार, मुकुट, ध्यान. आत्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि काचेजवळ गेली. मुकुट पाहिला, चेहरा पाहिला. मग विचारलं, "आणि ह्याची आई?"

मला एकदम सुचेना, मग आठवलं. श्वेतांबर कथेत महावीराने ठरवलं होतं की आईवडील हयात असेपर्यंत घर सोडायचं नाही. ते गेले, मग थोरल्या भावाने थांबवून धरलं, म्हणून तो आणखी दोन वर्षं घरातच राहिला, या असाच. मी हे तिला सांगितलं.

"म्हणजे आई गेलेली आहे," आत्या म्हणाली. "म्हणूनच. चेहऱ्यावर दिसतंय." आणि मागून येणाऱ्या एका कुटुंबाला तिने हात करून जवळ बोलावलं, तिच्या बाजारच्या गुजरातीत म्हणाली, "आवो बेन, आ जुओ, आने घेर छोडवुं छे," याला घर सोडायचंय, आणि त्यांना मूर्ती दाखवायला लागली.